सगळ्या प्रती एकाच घावात जाऊ नयेत: व्हर्च्युअल सर्व्हर आणि क्लाउडवरच्या डेटाचा बॅकअप

२७ जून २०१७ ला न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी मर्स्क समूहातली, आणि त्या दिवशी नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्कचं जगभरातलं नेटवर्क झोपवलं होतं. मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. बऱ्याच सर्व्हरांचा होता. पण लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर एकमेकांच्याच प्रती ठेवत होते. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशोब. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं, आणि ते एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथल्या ऑफिसची वीज नेमकी तेव्हा गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता.

बॅकअपच्या प्रत्येक प्रतीला हाच एक प्रश्न विचारायचा: मूळ डेटा ज्या घावाने जाईल, त्याच घावात ही प्रतही जाईल का? आग, पूर, व्हायरस, चुकून दाबलेलं डिलीट, चोरीला गेलेला अॅडमिन पासवर्ड, बंद पडलेलं क्लाउड अकाउंट, हे सगळे वेगवेगळे घाव. एका घावातून वाचणारी प्रत दुसऱ्यातून वाचेलच असं नाही.

उदाहरणासाठी भोसरी किंवा चाकणकडचा एक मध्यम कारखाना डोळ्यासमोर ठेवू. एक दणकट सर्व्हर, त्यावर व्हीएमवेअर, हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर (हायपरवायझर). त्यात चार व्हर्च्युअल मशीन: डोमेन कंट्रोलर, एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (स्टॉक, इनव्हॉइस सांभाळणारं सॉफ्टवेअर), टॅली आणि ड्रॉइंगांचा फाइल सर्व्हर. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आणि डीलरांचं पोर्टल क्लाउडवरच्या एका सर्व्हरवर. एकूण डेटा दोन टीबी. नवीन सॉफ्टवेअर घेण्याआधी पुढची पायरी करा, ती फुकट आहे.

पायरी १: काय गेलं तर किती अडतं, ते लिहून काढा

एक कागद घ्या. प्रत्येक यंत्रणेसमोर दोन आकडे लिहा. पहिला, किती वेळाचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल. याला आरपीओ म्हणतात. दुसरा, किती तासांत पुन्हा चालू व्हायला हवं. तो आरटीओ.

मालकांना विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं: "काहीच जाता कामा नये, आणि लगेच चालू झालं पाहिजे." म्हणून आधी डिस्पॅचवाल्याला विचारा. तो सांगेल की ईआरपी बंद पडलं की इनव्हॉइस निघत नाही, ई-वे बिल होत नाही, गेटवर भरलेला ट्रक उभा राहतो आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाचा फोन येतो. म्हणजे ईआरपीचा आरटीओ चार तास. डिझाइनवाले म्हणतील, जुनी ड्रॉइंगं दोन दिवस नसली तरी चालतील, पण आज केलेलं काम जायला नको. म्हणजे फाइल सर्व्हरला आरटीओ सैल, आरपीओ कडक. टॅलीचं उत्तर महिन्याच्या १५ तारखेला एक आणि जीएसटी रिटर्नच्या आदल्या दिवशी वेगळं मिळेल. कडक असेल ते धरा.

हा कागद घेऊन मालकांकडे जा आणि प्रत्येक आकड्यासमोर खर्च लिहा. शून्य मिनिटांच्या आरपीओची किंमत दिसली की तासाभरावर सौदा पटकन होतो.

पायरी २: चालू राहणं वेगळं, परत मिळणं वेगळं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि विक्रेते तो मिटवायची घाई करत नाहीत. रेड म्हणजे एक डिस्क मेली तरी सर्व्हर चालू राहतो. हाय अव्हेलेबिलिटी क्लस्टर म्हणजे एक होस्ट बंद पडला तर व्हर्च्युअल मशीन दुसऱ्यावर उठतात. त्यासाठी किमान दोन होस्ट आणि दोघांना दिसणारं स्टोरेज लागतं. रेप्लिकेशन म्हणजे डेटा सतत दुसरीकडे उतरत राहतो. तिन्ही उपयोगी, पण कुणी चुकीचं टेबल डिलीट केलं तर ती चूकही इमानेइतबारे दुसरीकडे पोचते. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, कुलूपबंद केलेल्या फाइलीही तशाच. त्यामुळे या तिघांपैकी एकालाही बॅकअप म्हणायचं नाही.

क्लाउड कंपन्यांच्या करारातले नऊ-नऊचे आकडेही इथेच समजून घ्या. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा. ९९.९९ म्हणजे साधारण ५२ मिनिटं. ९९.५ म्हणजे जवळजवळ ४४ तास. बहुतेक करारांत यापेक्षा जास्त बंद राहिलं तर बिलात थोडी सूट मिळते. गेटवरच्या ट्रकचं नुकसान त्यात धरलेलं नसतं. काही स्टोरेजच्या जाहिरातीत टिकाऊपणाचे तब्बल अकरा नऊ असतात. ते डिस्क मरण्याबद्दल आहेत. तुमच्याच अॅडमिनने डिलीट केलं तर स्टोरेज ती आज्ञा तितक्याच टिकाऊपणे पाळतं.

आपल्या कारखान्याला क्लस्टर हवंच असं नाही. चार तासांच्या आरटीओसाठी दुसरा, थोडा जुना सर्व्हर बाजूला ठेवून त्यावर ईआरपीची दर तासाला रेप्लिका उतरवली तरी पुरतं.

पायरी ३: व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप नीट घ्या

व्हर्च्युअल मशीनचा मोठा फायदा असा की अख्खं मशीनच मोजक्या फाइलींत असतं. बॅकअप सॉफ्टवेअर हायपरवायझरला सांगतं, स्नॅपशॉट घे, म्हणजे डिस्क त्या क्षणी आहे तशी गोठव. मग ते गोठलेल्या डिस्कमधून डेटा वाचतं आणि स्नॅपशॉट काढून टाकतं. पहिल्यांदा पूर्ण प्रत, त्यानंतर बदललेले ब्लॉक तेवढेच. व्हीएमवेअर, हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स तिघांकडेही बदललेले ब्लॉक लक्षात ठेवण्याची सोय आहे, म्हणून दोन टीबीचा रात्रीचा बॅकअप प्रत्यक्षात तीस-चाळीस जीबीत आटपू शकतो.

पण स्नॅपशॉट स्वतः बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कला टेकून असतो. डिस्क गेली की तोही गेला. शिवाय विसरलेला स्नॅपशॉट वाढत जाऊन डेटास्टोअर (मशीनच्या फाइली ठेवायची जागा) भरतो आणि मग सगळी मशीन एकदम थांबतात. ७२ तासांपेक्षा जुना स्नॅपशॉट ठेवू नका, असं व्हीएमवेअरचंच सांगणं आहे. दर सोमवारी सकाळी लटकलेले स्नॅपशॉट बघायची सवय लावा.

यापुढचा भाग डेटाबेसचा, आणि तो घाईत वाचू नका.

चालू डेटाबेसची डिस्क नुसती गोठवली तर ती प्रत वीज अचानक गेल्यासारख्या अवस्थेत सापडते. बहुतेक वेळा उठते, कधी उठत नाही. म्हणून विंडोज मशीनवर बॅकअप जॉबमध्ये अॅप्लिकेशन-अवेअर हा पर्याय चालू करा. त्यात व्हीएसएस ही विंडोजची सेवा एसक्यूएल सर्व्हरला क्षणभर थांबवून मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवायला लावते. लिनक्सवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल असेल तर स्नॅपशॉटच्या आधी आणि नंतर चालणारी छोटी स्क्रिप्ट लागते, किंवा डेटाबेसचा स्वतःचा डंप, म्हणजे सगळा डेटा फाइलीत काढलेली प्रत, वेगळा घ्या.

रात्रीतून एकदा घेतलेल्या प्रतीने तासाभराचा आरपीओ साधत नाही. त्यासाठी एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेल या सेटिंगवर ठेवा आणि ट्रान्झॅक्शन लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, बॅकअप दर १५ मिनिटांनी घ्या. मग दुपारी ३:१० ला कुणी स्टॉकचं टेबल उडवलं तर ३:०९ पर्यंत परत जाता येतं. यात दोन खड्डे आहेत. फुल मॉडेल लावलं आणि लॉगचा बॅकअपच घेतला नाही, तर लॉग फाइल फुगत फुगत डिस्क भरते आणि ईआरपी बंद पडतं. दुसरा खड्डा जास्त फसवा. ईआरपीवाल्या व्हेंडरने त्याच्या बाजूने लॉग बॅकअपचा जॉब लावलेला असतो आणि तुमचं बॅकअप सॉफ्टवेअरही लॉग घेत असतं. दोघांकडे साखळीच्या एकाआड एक कड्या जमा होतात. दोन्ही जॉब रोज हिरवे दिसतात आणि रिस्टोर करताना कळतं की पूर्ण साखळी दोघांकडेही नाही. लॉग कोण घेणार ते एकाच्या नावावर लिहून ठेवा आणि दुसऱ्याचा जॉब बंद करा.

टॅलीसाठी मशीनच्या प्रतीशिवाय टॅलीचा स्वतःचा बॅकअपही रोज घ्या, आणि तो सगळे युजर बाहेर पडल्यावर. एकाच कंपनीचा डेटा परत हवा असेल तेव्हा अख्खं मशीन उठवावं लागत नाही.

पायरी ४: प्रती कुठे ठेवायच्या

तीन-दोन-एक हा नियम जुना आहे आणि अजून उत्तम चालतो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक जागेबाहेर. आता त्यात आणखी एक मागणी जोडली जाते: एक प्रत अशी, जी अॅडमिनलाही डिलीट करता येणार नाही.

पहिली प्रत ऑफिसातच, एनएएस (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा) किंवा वेगळ्या बॅकअप सर्व्हरवर. इथून रिस्टोर लवकर होतो. पण नेहमीचं चित्र असं: एनएएस त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर, डोमेनला जोडलेला, आणि ईआरपी सर्व्हरवर झेड ड्राइव्ह म्हणून कायमचा मॅप केलेला. रॅन्समवेअर चालवणारे आधी डोमेन अॅडमिनचा पासवर्ड मिळवतात, मग बॅकअप शोधून पुसतात आणि त्यानंतर मूळ डेटाला कुलूप लावतात. त्यांना झेड ड्राइव्ह म्हणजे आयतं ताट. म्हणून बॅकअपचं स्टोरेज डोमेनच्या बाहेर ठेवा, त्याला स्वतंत्र युजर आणि स्वतंत्र पासवर्ड द्या, मॅप केलेला ड्राइव्ह काढा, आणि व्यवस्थापनाच्या पानावर दुसऱ्या टप्प्याचं प्रमाणीकरण लावा. जमलं तर रॅकही दुसऱ्या मजल्यावर. तळमजला आणि बेसमेंट तर नकोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी दिवसेंदिवस उतरलं नव्हतं.

दुसरी प्रत क्लाउडवरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली साठवायच्या सेवेत), ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत डिलीट होऊ न देणारं कुलूप, लावून. लॉकचे साधारण दोन प्रकार मिळतात. अॅमेझॉनकडे त्यांना गव्हर्नन्स आणि कम्प्लायन्स म्हणतात. पहिल्यात खास परवानगी असलेला माणूस लॉक काढू शकतो. दुसऱ्यात मुदत संपेपर्यंत मुख्य खातेदारालाही डिलीट करता येत नाही. खरा बचाव दुसऱ्यात आहे. पण मुदत चुकून १० वर्षं टाकलीत तर १० वर्षं बिल भराल. आधी छोट्या बकेटवर (तिथल्या फोल्डरसारख्या कप्प्यावर) एक दिवसाची मुदत लावून बघा, मग ३० दिवसांवर या.

तिसरी प्रत म्हणून दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आलटून पालटून वापरणं अजूनही वाईट नाही. एक जोडलेली, एक घरी. कपाटातल्या डिस्कपर्यंत कुठलाच हॅकर पोचत नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, आणि एन्क्रिप्शनची किल्ली ज्या सर्व्हरचा बॅकअप घेतला त्याच सर्व्हरवरच्या फाइलीत नको. छापून सीलबंद पाकिटात, मालकांच्या लॉकरमध्ये.

क्लाउडचा विचार करताना आधी इंटरनेटची लाइन मोजा. १०० एमबीपीएस अपलोड पूर्ण मिळाला तरी तासाला ४५ जीबी जातात. म्हणजे दोन टीबीच्या पहिल्या प्रतीला साधारण ४५ तास. शुक्रवारी रात्री सुरू करा. खरा प्रश्न उलट्या दिशेचा आहे: आपत्तीच्या दिवशी तेच दोन टीबी खाली आणायला तितकाच वेळ लागेल, आणि चार तासांचा आरटीओ तिथेच संपतो. म्हणून क्लाउडवरची प्रत तिथल्या तिथे, क्लाउडच्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये उठवता येते का, हे आधी बघून ठेवा. शिवाय स्वस्त अर्काइव्ह स्टोरेजमधून डेटा बाहेर येण्याआधी कित्येक तास वाट बघावी लागू शकते. तिथे जुने वार्षिक बॅकअप ठेवा, कालचा नको.

जागा निवडताना कायदाही आहे. कंपन्यांच्या हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, असा बदल ऑगस्ट २०२२ मध्ये नियमांत झाला. त्याआधी ठरावीक काळाने ठेवला तरी चालत होता. वह्या आठ वर्षं जपायच्या असतात. भारतात अॅमेझॉनची मुंबई आणि हैदराबाद, मायक्रोसॉफ्टची पुणे आणि चेन्नई, गुगलची मुंबई आणि दिल्ली अशी केंद्रं आहेत, त्यामुळे दूरची प्रत देशातच ठेवणं अवघड नाही.

पायरी ५: क्लाउडवर आहे, म्हणजे त्यांचं काम नव्हे

१० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळून गेली. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या शहरात होती ते सावरले. काहींची प्रत त्याच आवारात होती, आणि त्यातून पुढे कोर्टकज्जे झाले. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगलकडचं खाजगी क्लाउड गुगलच्याच एका चुकीच्या सेटिंगमुळे डिलीट झालं. सहा लाखांवर सभासदांची ऑनलाइन सेवा कित्येक दिवस बंद होती. वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपमधून, त्यात एका दुसऱ्या पुरवठादाराकडचाही होता, गाडी रुळावर आली.

म्हणून डीलर पोर्टलच्या क्लाउड सर्व्हरसाठी तीन गोष्टी. रोजचा स्नॅपशॉट वेळापत्रकाने. त्याची प्रत दुसऱ्या शहरातल्या केंद्रात. आणि ती प्रत वेगळ्या अकाउंटमध्ये, ज्याचा पासवर्ड पोर्टल बनवणाऱ्या डेव्हलपरकडे नाही. या दुसऱ्या अकाउंटचं बिल ज्या कार्डावर आहे त्याची मुदत संपली तर बॅकअपही धोक्यात येतो, हे अकाउंट्सवाल्यांच्या कॅलेंडरात टाका. हसू नका, असं होतं.

मेलचं काय? मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये डिलीटेड आयटम्समधूनही काढलेली मेल मूळ सेटिंगनुसार १४ दिवस परत मिळते. ती मुदत ३० पर्यंत वाढवता येते, आजच वाढवा. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटची कचरापेटी ९३ दिवसांची. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं काढलंत तर ३० दिवसांत जाग यायला हवी. खरेदी विभागातल्या माणसाने जाताना पाच वर्षांचा पत्रव्यवहार पुसला आणि ते ऑडिटच्या वेळी कळलं, तर यातली कुठलीच मुदत पुरत नाही. मेलसाठी वेगळा बॅकअप घ्या.

पायरी ६: रिस्टोर करून बघा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरने रात्री उशिरा दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसचीच फाइल फोल्डरं पुसली. ३०० जीबीतले साडेचार उरले. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप कित्येक दिवस निघतच नव्हता, कारण डंप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीचा होता. तो अयशस्वी झाल्याच्या मेलही कुणाला पोचत नव्हत्या, कारण मेल सर्व्हर त्या नाकारत होता. कामी आला तो सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. हे सगळं कंपनीने स्वतः जाहीर लिहिलं, त्यामुळे बाकीच्यांना शिकता आलं.

तिमाहीतून एक शनिवार ठरवा. जुन्या सर्व्हरवर एक वेगळं व्हर्च्युअल नेटवर्क बनवा, ज्याला बाहेर जायचा रस्ता नाही. हे महत्त्वाचं, कारण रिस्टोर केलेला डोमेन कंट्रोलर चालू नेटवर्कला लागला किंवा रिस्टोर केलेल्या ईआरपीने गिऱ्हाइकांना जुन्याच मेल पुन्हा पाठवल्या, तर सोमवारी वेगळंच निस्तरावं लागेल. घड्याळ लावा. आधी डोमेन कंट्रोलर उठवा, कारण डीएनएस (मशीनच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि लॉगिन त्याच्याकडे. मग एसक्यूएल सर्व्हर, त्यावर लॉगची साखळी चढवा. मग ईआरपीची सेवा. शेवटी फाइल सर्व्हर.

मशीन चालू झालं म्हणजे झालं, असं समजू नका. डिस्पॅचवाल्याला बोलवा आणि कालचं शेवटचं इनव्हॉइस उघडून दाखवायला सांगा. नंबर जुळला, पीडीएफ निघाली, तर बरोबर. पहिल्या वेळी हमखास काहीतरी अडतं: ईआरपीचं लायसन्स सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाशी बांधलेलं असतं, किंवा सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड कुणाला आठवत नाही. ते शनिवारी अडलेलं बरं. जे अडलं ते क्रमाने लिहा आणि तो कागद छापून ठेवा. फाइल सर्व्हरवर ठेवलेली रिस्टोरची सूचनापत्रिका फाइल सर्व्हर गेल्यावर वाचता येत नाही.

रोज बघायचं तेवढं कमी आहे. जॉब अयशस्वी झाला की मेल, असं ठेवू नका. यशस्वी झाला तरी मेल यावी, आणि सकाळी दहापर्यंत ती आली नाही तर कुणीतरी उठून बघावं. हिरव्या खुणेबरोबर आकारही बघा. रोज ३५ जीबी असणारा बॅकअप एका रात्री चार जीबी झाला, तर कुठली तरी डिस्क जॉबमधून निसटली आहे. एकदम ४०० जीबी झाला, तर कुणीतरी मोठा डेटा हलवलाय किंवा रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करत सुटलंय. हा इशारा अँटीव्हायरसच्या आधी मिळू शकतो.

पायरी ७: तो दिवस उगवलाच तर

नेटवर्क केबल काढा, पण सर्व्हर लगेच बंद करू नका. मेमरीत पुरावा असतो. बॅकअपच्या स्टोरेजची केबलही काढा आणि जुने बॅकअप आपोआप पुसणारे जॉब थांबवा, नाहीतर शेवटची स्वच्छ प्रत मुदतीनुसार गळून जाईल. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेला असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं, आणि यंत्रणांचे लॉग (कुणी, कधी, काय केलं याच्या नोंदी) १८० दिवसांचे ठेवलेले असावे लागतात. हे निर्देश एप्रिल २०२२ चे.

मग रिस्टोर, पण कालचा नव्हे. हल्लेखोर आत शिरून कित्येक दिवस, कधी आठवडे गप्प बसलेला असतो, त्यामुळे कालच्या प्रतीतही तो असू शकतो. मशीन जुन्या तारखेचं उठवा, ते बंद नेटवर्कवर तपासा, सगळे पासवर्ड बदला, आणि त्यावर फक्त डेटा ताजा चढवा. म्हणूनच १४ दिवसांच्या प्रतींवर भागवू नका. रोजच्या ३०, महिन्याच्या १२ ठेवा. आणि कुलूपबंद झालेल्या मूळ डिस्क फॉरमॅट करून लगेच कामाला जुंपू नका. नव्या डिस्क आणा, जुन्या काढून नाव-तारीख घालून बाजूला ठेवा. पोलीस आणि विमा कंपनी दोघांनाही त्या लागतील, आणि काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या पुढे फुकट उपलब्ध झालेल्या आहेत.